मुलीला बीए इंग्लिश करायचंय, खर्च निघेल का?

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी बारावी आर्ट्सला ८१ टक्के, इंग्रजीत ८९, गाव बार्शीजवळ, पुण्याला जाऊन बीए इंग्लिश करायचं म्हणते. तिचे मामा म्हणतात नर्सिंगला टाका, तीन वर्षांत पगार सुरू होतो. आणि तुम्ही विचारताय की एकूण खर्च किती, पुढं मिळतात किती, आणि त्यासाठी कर्ज काढावं का. शेवटी लिहिलंय, खरं सांगा, गोड सांगू नका. बरं, खरं सांगतो. मी सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवतोय, त्यातली पहिली नऊ-साडेनऊ सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, जेवढे तास तेवढे पैसे, त्यामुळं ह्या डिग्रीची कमाई कशी असते हे मला पुस्तकात बघावं लागत नाही.

आधी खर्च, कारण तो सोपाय. बीएची फी हा विषयच नाही. अनुदानित कॉलेजात वर्षाला पाच ते बारा हजारांच्या मधे कुठंतरी बसते, महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या पोर्टलवर, स्कॉलरशिपचा फॉर्म वेळेत भरला तर त्यातलीही काही परत येते. (खाजगी विद्यापीठं तेच बीए इंग्लिश लाखाच्या पुढच्या फीत देतात, एसी वर्ग दाखवतात, त्यांच्याकडं तुमच्या परिस्थितीत बघूसुद्धा नका.) पैसे जातात ते पुण्यात राहण्यात. माझ्याकडून तिकडं गेलेल्या मुली जे सांगतात त्यावरून कॉट बेसिस, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्यानं, साडेतीन ते पाच हजार, मेस दोन्ही वेळची तीन-साडेतीन, मग पीएमपी बसचा पास, मोबाईल, झेरॉक्स, महिन्यातून एकदा गावाकडं येणं, दुखणंखुपणं. धरा दहा हजार. वर्षाचे दहा महिने म्हणजे लाख रुपये, तीन वर्षांचे तीन लाख, फी वर वेगळी. हीच मुलगी घरून एसटीनं बार्शीला गेली तर विद्यार्थी पासला एक तृतीयांशच भाडं पडतं, डबा घरचा, तीन वर्षांचं सगळं मिळून पन्नास-साठ हजारांत होतं. म्हणजे फरक अडीच लाखाचा, आणि तो फरक इंग्रजीचा नाही, कॉटचा आणि मेसचा आहे.

आता दुसरा खर्च, जो कुणी वहीत मांडत नाही. वर्षं. बीए तीन, त्यानंतर एमए दोन किंवा बीएड दोन, म्हणजे मुलगी तेवीसची होईपर्यंत घरात एक रुपया येत नाही, आणि तेवीसनंतरही लगेच येईल असं नाही. मामांचं नर्सिंगचं गणित इथंच जिंकतं, हे मान्य करावं लागेल. आर्ट्सवाल्यांना जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, मिळतं (बीएस्सी नर्सिंगला सायन्स लागतं), तीन वर्षांनी कुठल्यातरी हॉस्पिटलात पगार सुरू होतो, सुरुवातीला कमी असेल पण होतो. फक्त त्यांना एवढं विचारा की मुलीला रक्त बघून चक्कर येते का. माझ्या स्वतःच्या भाचीला आली होती, दुसऱ्या वर्षी घरी आली परत, फी गेली ती गेलीच.

तर बीए इंग्लिशनंतर पैसे येतात कुठून? लोकांच्या डोक्यात उत्तर एकच असतं, प्राध्यापक. म्हणून आधी तेच घेतो, आणि जरा सविस्तर घेतो, कारण सगळ्यात जास्त पोरं इथंच अडकतात.

प्राध्यापक व्हायला एमए ५५ टक्के (राखीव गटांना ५०) आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. मधे पीएचडी सक्तीची करणार म्हणत होते, २०२३ ला यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, ते मागं घेतलं, आता नेट-सेटवर अर्ज चालतो. नेट वर्षातून दोनदा होते, सेट पुणे विद्यापीठ घेतं आणि ती महाराष्ट्र-गोव्यात चालते. पर्मनंट लागला तर सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७००, वर महागाई भत्ता, घरभाडं. हा आकडा ऐकला की बापाचे डोळे चमकतात, माझ्या वडिलांचेही चमकले होते, तेव्हा आकडा वेगळा होता एवढंच. प्रश्न पर्मनंट लागण्याचा आहे. २०२१ ला सरकारनं सहायक प्राध्यापकांच्या २,०८८ जागा भरायला परवानगी दिली तेव्हा केवढा गाजावाजा झाला. पण दादा, त्या सगळ्या महाराष्ट्राच्या, सगळ्या विषयांच्या मिळून. त्यातल्या इंग्रजीच्या किती, त्यात मुलीच्या प्रवर्गाच्या किती, त्यातल्या खरोखर भरल्या किती, हे बोटावर मोजायला बसा म्हणजे कळेल.

आणि जागा मिळतानाही काय होतं ते लिहितो, संस्थेचं नाव घेत नाही. २००६ ला एका ठिकाणी मुलाखतीला गेलो होतो. विषयतज्ज्ञांनी वीस मिनिटं चांगले प्रश्न विचारले, मी खूष. बाहेर आलो तर पायऱ्यांवर एक गृहस्थ भेटले, पान खात होते, म्हणाले, "सर, इंटरव्ह्यू झकास झाला असं ऐकलं, आता बाकीचं कसं काय जमवताय?" मला आधी कळलंच नाही बाकीचं म्हणजे काय. मग त्यांनी आकडा सांगितला. माझ्या वडिलांची तीन एकर विकली असती तरी तो निघाला नसता. सगळीकडं असंच असतं असं नाही, मी शेवटी जिथं लागलो तिथं कुणी चहासुद्धा मागितला नाही, पण मुलगी ह्या वाटेनं जाणार असेल तर तुम्हाला हे आजच माहीत पाहिजे, ती तिशीची झाल्यावर नाही.

पर्मनंट होईपर्यंत सीएचबी. त्याचं गणित बघा. एका माणसाला आठवड्याला साधारण नऊच तासिका देतात, दर आता तासाला हजाराच्या आतबाहेर झालाय. कागदावर महिन्याला बत्तीस-छत्तीस हजार दिसतात. पण दिवाळीची सुट्टी, परीक्षेचे दिवस, गॅदरिंग, उन्हाळा, कुणी पुढारी वारला म्हणून सुट्टी, ह्या सगळ्याचे शून्य. ऑर्डर ऑगस्टमधे निघते, मार्चमधे तास संपतात. वर्षाची खरी बेरीज करून बाराने भागलं की पंधरा-सोळा हजार हातात राहतात. यूजीसीनं २०१९ मधेच सांगून ठेवलंय की तासाला १,५०० आणि महिन्याला कमाल ५०,००० पर्यंत द्या, ते पत्र आमच्या स्टाफरूममधल्या कपाटात आहे, मी कधीतरी काढून वाचतो.

माझी त्या काळातली एक दोनशे पानी वही आहे अजून. डाव्या बाजूला तारीख, वर्ग, तास, उजव्या बाजूला बिल कधी दिलं, पैसे कधी आले. एका वर्षाच्या पानावर जुलै ते डिसेंबरच्या तासांसमोर पैसे आल्याची तारीख पुढच्या जूनची आहे. अकरा महिने. तोपर्यंत आमचं घर चाललं बायकोच्या जिल्हा परिषदेच्या पगारावर, आणि हे मी कितीतरी वर्षं कुणाला सांगत नव्हतो. सीएचबीवर टिकलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, मागं कुणाचातरी पगार असतो, नाहीतर शेती, नाहीतर दुकान. माझा एक विद्यार्थी सेट आहे, पीएचडी आहे, वय ३९, सकाळी सात ते अकरा कॉलेज आणि दुपारपासून भावाच्या कृषी सेवा केंद्रात बसतो, औषधांची नावं मात्र फाडफाड वाचतो म्हणून शेतकरी त्यालाच विचारतात.

अजून एक आतली गोष्ट, ही बाहेरच्यांना कळत नाही. कॉलेजात इंग्रजीच्या जागा लिटरेचरच्या पोरांमुळं कधीच नव्हत्या. लिटरेचरला टीवायला, म्हणजे बीएच्या तिसऱ्या वर्षाला, वीस-पंचवीस पोरं असतात. जागा होत्या त्या कंपल्सरी इंग्लिशमुळं, बीए, बीकॉम, बीएस्सी सगळ्यांना ते असायचं, तुकड्यांवर तुकड्या, त्यातनं वर्कलोड निघायचा, आठवड्याला १६ तासांमागं एक माणूस. नवीन शैक्षणिक धोरण आलं, विषयांचे क्रेडिट्स बदलले, आणि आमच्याकडं तरी कंपल्सरीचे तास घटले. वर्कलोड घटला की जागा घटते, कुणाला काढत नाहीत, पण रिटायर झालेल्याच्या जागी भरत नाहीत. म्हणजे तुमची मुलगी २०३० च्या पुढं ज्या जागेसाठी उभी राहील ती जागा आज हळूहळू कमी होतेय. आणि मी २००९ ला पर्मनंट झालो, २००५ नंतरचा म्हणून जुनी पेन्शन मलाही नाही, तिला तर प्रश्नच नाही.

मग एमए करूच नये का? तसं नाही, एक फट आहे आणि ती चांगली रुंद आहे, पण लवकर बंद होते. जेआरएफ. नेटच्याच परीक्षेत वरचे मार्क पडले तर जेआरएफ मिळते, पीएचडी करायला सरकार पैसे देतं. पहिली दोन वर्षं महिना ३७,०००, नंतरची तीन वर्षं ४२,०००. गुणाकार करा, पाच वर्षांचे बरोबर चोवीस लाख होतात, घरभाडं वेगळं. आर्ट्सच्या मुलीला तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी एवढे पैसे कोण देतं? वयाची अट सर्वसाधारण गटाला ३० आहे आणि मुलींना पाच वर्षं सवलत. पेपर दोन, एकूण १५० प्रश्न, ३०० मार्क, तीन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही. माझा अनुभव असा की ज्या पोरांनी एमएच्या पहिल्याच वर्षात तयारी धरली त्यांना मिळाली, ज्यांनी "आधी एमए होऊ दे मग बघू" म्हटलं त्यांना नेट मिळाली आणि जेआरएफ हुकली, आणि त्या दोघांच्या पुढच्या आयुष्यात चोवीस लाखांचा फरक पडला. गाईडवर एमए काढलेल्यांना हे जमत नाही. शेक्सपिअरची नाटकं कुठली आधी कुठली नंतर, कुठली थिअरी कुणाची, कुठला कवी कुठल्या काळातला, हे मूळ वाचलेलं असावं लागतं.

आता शाळा. बीए, बीएड, मग टेट (पहिली ते आठवीसाठी), आणि भरतीची टेट वेगळी, तिला टीएआयटी म्हणतात, मग पवित्र पोर्टल, म्हणजे शिक्षक भरतीची सरकारी वेबसाईट. ह्यात पैसे चारायला फार जागा उरत नाही ही जमेची बाजू. अडचण वेळेची. टीएआयटी झाली डिसेंबर २०१७ ला, मग एकदम २०२३ ला, मग २०२५ ला. पहिल्या दोघींच्या मधे पाच वर्षांहून जास्त गेली. त्या पाच वर्षांत बीएड होऊन बसलेल्या माझ्या तीन मुलींची लग्नं झाली, एकीनं ब्युटी पार्लर टाकलं. नंबर लागला तरी आधी तीन वर्षं शिक्षण सेवक, मानधन प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,०००. (२०२३ पर्यंत हेच ६,००० आणि ८,००० होतं, त्यात पोरं कशी राहिली देव जाणे.) तीन वर्षांनी हायस्कूलला मूळ वेतन ३८,६००, भत्ते धरून साठच्या आसपास जातं. सगळं मिळवा, बीए-बीएड पाच वर्षं, वाट बघणं दोन-चार, सेवक तीन, म्हणजे अठराची मुलगी अठ्ठावीस ते तिसाव्या वर्षी पूर्ण पगारावर. पण आल्यावर ती नोकरी कुणी हलवत नाही, आणि गणित-इंग्रजीच्या शिक्षकाला मागणी राहतेच. बीएडची फी विनाअनुदानितला पन्नास हजारांच्या आतबाहेर वर्षाला जाते, पण २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क माफ झालंय, अट अशी की प्रवेश सीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन आणि कॅपमधनं, म्हणजे सरकारी प्रवेश फेऱ्यांमधनं, पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातनं घेतला की गेलं. वाट बघायच्या काळात इंग्लिश मीडियमच्या खाजगी शाळा असतात, तालुक्याला दहा-पंधरा हजार, पुण्यात चांगल्या शाळेत तीस-चाळीस. पण तिथं मुलाखत इंग्रजीतनं होते, आणि आमच्या बीए इंग्लिशच्या पोरांची तिथंच दांडी उडते.

हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. बीए इंग्लिश केलं की इंग्रजी येतं असं नाही. मी दर वर्षी टीवायच्या पहिल्या आठवड्यात एक काम देतो. एटीएम कार्ड मशीनमधे अडकलंय, बँकेला पाच ओळींचा मेल लिहा. गेल्या वर्षी वर्गात २६ पोरं होती. सहा जणांचा मेल पाठवण्यासारखा होता. एकानं बँक मॅनेजरला शेवटी "युवर ओबिडियंट स्टुडंट" लिहिलं, एकीनं दीड पान लिहिलं पण कार्ड अडकलंय हे वाक्यच नाही त्यात. आणि हीच पोरं वर्ड्सवर्थच्या निसर्गप्रेमावर आठ मार्कांचं उत्तर डोळे मिटून लिहितात, कारण ते पाठ आहे. तुमच्या मुलीला इंग्रजीत ८९ आहेत, चांगलंय, पण आज संध्याकाळी तिला हाच मेल लिहायला सांगा आणि एखाद्या जाणत्याला दाखवा. बारावीच्या मार्कांपेक्षा त्यावरनं जास्त कळेल.

कारण तिसरी वाट आहे ती ह्याच्यावर आहे. पुण्यात ई-लर्निंगच्या, सॉफ्टवेअरच्या कंपन्या आहेत, तिथं इन्स्ट्रक्शनल डिझायनर, टेक्निकल रायटर, एडिटर अशी कामं असतात. शिवाय मराठी-इंग्रजी अनुवाद, सबटायटल, अ‍ॅपचं मराठीकरण, कस्टमर सपोर्ट. माझी एक विद्यार्थिनी, करमाळ्याकडची, घरून येऊन-जाऊन बीए केलं, फर्स्ट क्लाससुद्धा नव्हता, पण हिचं मराठी खणखणीत आणि इंग्रजी नेमकं. पुण्यात शालेय पुस्तकांचं भाषांतर तपासायच्या कामावर १४,००० वर लागली. दोन वर्षं नुसती तपासत बसली, त्यात तिला कळलं की भाषांतर करणाऱ्यांपेक्षा तपासणारे कमी आहेत. आज दहा-अकरा वर्षांनी पंचाहत्तर हजाराच्या आसपास घेते, म्हणजे माझ्या वर्गातल्या सेट झालेल्या बहुतेकांपेक्षा जास्त. मी तिला विचारलं एमए करायचं होतं ना तुला, तर म्हणाली, "सर, वेळच नाही मिळाला." मी गप्प.

पण ह्या वाटेवर एआय आलंय, ते लपवत नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी माझी पोरं वेबसाईटसाठी "हिवाळ्यात त्वचेची काळजी" टाईपचे लेख लिहून शब्दाला साठ-सत्तर पैसे मिळवायची, कॉलेजचा खर्च निघायचा. चॅटजीपीटी आलं २०२२ च्या शेवटी, आणि ते काम वर्षभरात संपल्यात जमा झालं. जे टिकलं ते तपासायचं, जबाबदारी घ्यायचं काम. कोर्टाचे कागद, विम्याची पॉलिसी, औषधाच्या सूचना, तिथं चूक झाली तर कुणाची मान धरायची हे ठरलेलं लागतं. तेव्हा सरासरी इंग्रजीवाल्याचं काम जाणार आणि दोन्ही भाषा पक्क्या असणाऱ्याचं राहणार असं मला वाटतं, पण वीस वर्षं राहील का, ह्याची हमी माझ्याकडं मागू नका.

सरकारी अनुवादकाची वाटही कुणाला माहीत नसते. केंद्राची स्टाफ सिलेक्शनची ज्युनिअर ट्रान्सलेटरची परीक्षा असते, सुरुवात ३५,४०० मूळ वेतनावर. तिथं एमए इंग्लिश चालतं पण पदवीला हिंदी विषय असावा लागतो, आणि अनुवादाचा डिप्लोमा किंवा अनुभव. आता नव्या धोरणात मेजर-मायनर, म्हणजे मुख्य आणि जोड विषय, निवडायचं असतंच, तर मायनर नुसतं मैत्रिणींनी घेतलं म्हणून घेऊ नका. ट्रान्सलेटर डोक्यात असेल तर हिंदी, आपल्या भाषेत काम करायचं असेल तर मराठी. ही एक खूण फॉर्म भरताना पाच मिनिटांत होते आणि चार वर्षांनी दार उघडायचं की बंद ते ठरवते. दुसरं, डिग्री आता चार वर्षांचीही करता येते, तीन वर्षांनी बाहेर पडता येतं. चार वर्षांची ७५ टक्क्यांनी झाली तर एमए न करता नेटला बसता येतं. पोरगी अभ्यासू निघाली तर हा विचार तिसऱ्या वर्षी करा, आज नको.

आता तुमच्या मुलीपुरतं. मी तुमच्या जागी असतो तर बीए जवळच करायला लावलं असतं आणि वाचलेले अडीच लाख एमएला किंवा बीएडला ठेवले असते. एमएला मात्र बाहेर पाठवा, पुणे विद्यापीठाचा विभाग, मुंबई, किंवा हैदराबादचं ईएफएलयू, ते इंग्रजी आणि परदेशी भाषांचं केंद्रीय विद्यापीठ आहे, मुळात इंग्रजीसाठी काढलेलं, फी कमी, हॉस्टेल आहे, आणि आपल्याकडची पोरं तिकडं फार कमी अर्ज करतात, का ते मला आजवर समजलं नाही. एकच अट, जवळच्या कॉलेजात शिकवतात का ते आधी बघा. कुणाला न सांगता बुधवारी अकरा वाजता जा, टीवाय इंग्लिशचा वर्ग कुठाय विचारा, आणि वर्ग भरलाय का डोकावून बघा. कुलूप असेल तर माझा सगळा सल्ला रद्द, मग पुणेच बरं.

आणि घरात बसून एक तारीख ठरवा. एमए झाल्यापासून नेटचे चार प्रयत्न, म्हणजे दोन वर्षं. झाली जेआरएफ तर पीएचडी. नाही झाली तर बीएड किंवा कंपनी, सीएचबी पकडून बसायचं नाही. मी हे ठरवलं नव्हतं, दर जूनला वाटायचं यंदा जागा निघेल. मुलींच्या बाबतीत तर अजून एक होतं, सीएचबीची नोकरी लग्नाच्या बायोडाटात फार छान दिसते, "प्राध्यापिका" लिहिता येतं, सासरच्यांनाही अडचण नसते कारण दुपारी एकला घरी येते. मग ती वीस वर्षं प्राध्यापिकाच राहते आणि तिच्या नावावर पीएफसुद्धा नसतो. अशा दोघीजणी आत्ता माझ्या विभागात आहेत, माझ्यापेक्षा बरं शिकवतात.

कर्जाचं विचारलंत. चार लाखांपर्यंत शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, शिक्षण संपून वर्षभर हप्ताही नसतो. पण व्याज त्या काळातही चढतं. वर्षाला एक लाख असं तीन लाख उचललं, दहा टक्के धरलं, तर हप्ता सुरू होईपर्यंत पावणेचार-चारच्या मधे जातं, आणि सात वर्षांत फेडायचं तर महिन्याला साडेसहा हजारांच्या आसपास बसतो. बीए नंतरची पहिली नोकरी अठरा हजाराची असेल तर त्यातले साडेसहा बँकेचे, उरलेल्या साडेअकरात पुण्यात कॉट आणि मेस. बसत नाही. म्हणून बीएसाठी कर्ज नको, नर्सिंगसाठी एकवेळ घेतलं तर समजू शकतो. म्हैस विकायचं लिहिलंय तुम्ही, तिचं दूध किती आहे ते लिहिलं नाही, पण दूध चालू असेल तर राहू द्या.

आणि एवढं होऊन ती पुण्यालाच जायचं म्हणाली तर जाऊ द्या, पण मेस लावताना खाडा धरतात का, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे कापतात का, ते आधी विचारायला सांगा. सलग तीन दिवसांच्या खाली खाडा धरत नाही म्हणणाऱ्या मेस बऱ्याच असतात, दर शनिवार-रविवारी गावाला येणाऱ्या पोरीचे ते पैसे जातात, वर्षाचा हिशोब घातला तर जवळजवळ बीएच्या एका वर्षाची फी.